बदलापूरचा फ्लॅट विकून राजापुरात मातीचं घर?

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५६. यजमान येत्या मार्चअखेर साठाव्या वर्षी निवृत्त होतायत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ६२ लाख हातात येतील, म्युच्युअल फंडात १४ लाख आहेत, ईपीएसची पेन्शन साडेतीन हजार. राहतं घर डोंबिवलीत, त्यावर कर्ज नाही. बदलापूरला दुसरा फ्लॅट ताईंच्या एकटीच्या नावावर, २०११ च्या दिवाळीत १७ लाखांना घेतलेला. आज त्याला ४८ लाखांचं गिऱ्हाईक आहे. भाडं ११ हजार येतं. महिन्याचा घरखर्च ४५ हजार. राजापूर तालुक्यात सासरची ९ गुंठ्यांची जागा आहे, पडक्या घराच्या जोत्यासकट. तिथे सिमेंट न वापरता ९०० चौरस फुटांचं मातीचं घर बांधून वर्षातले सहा महिने राहायचं त्यांच्या मनात आहे. आर्किटेक्टने २४ लाखांचं अंदाजपत्रक दिलंय. ताई विचारतात, "यूट्यूबवर लोक पाच लाखांत मातीचं घर बांधतात, मग आम्हाला २४ कसे? आम्ही फसतोय का? आणि त्यासाठी बदलापूर विकावं का?"

ताई, आधी फसवणुकीचं. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. जोतं आणि पाया ४ लाख, भिंती आणि गिलावा साडेपाच, छप्पर ६, दारं-खिडक्या पावणेतीन, नळ-संडास-सेप्टिक टँक आणि वीज सव्वातीन, आर्किटेक्ट व देखरेख अडीच. यात मातीचा संबंध फक्त साडेपाच लाखांशी आहे. त्यातलेही ४ लाख मजुरीचे, कारण माती खणणं, चाळणं, पेंढा घालून तुडवणं, थर चढवणं, तो वाळेपर्यंत थांबणं हे सगळं माणसाच्या हातापायांनी होतं. सिमेंटचे पैसे वाचतात आणि मजुरीच्या खात्यात जाऊन बसतात. गावातल्या माणसाला काम मिळतं म्हणून मला ते आवडतं, पण खर्च तेवढाच राहतो. कौलं, वासे, रिपा, कमोड, पंप यांना भिंत मातीची आहे की सिमेंटची, याच्याशी काही देणंघेणं नसतं. पाच लाखांवाल्यांनी स्वतः वर्षभर राबून भिंती घातलेल्या असतात, लाकूड जुनं मिळवलेलं असतं, आणि न्हाणीघर बहुतेक वेळा हिशोबातच नसतं. तुम्हाला कोणी लुबाडत नाहीये. घर मात्र मोठं होतंय, आणि भिंत कशाची असावी याचा विचार अजून झालेला नाही.

बदलापूर विकाच, मग घर बांधा नाहीतर नका बांधू. ११ हजार भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा केला तर हातात महिना साडेआठ हजार पडतात. ४८ लाखांवर वर्षाला जेमतेम २ टक्के. निवृत्तीनंतर इतका पैसा इतक्या कमी मोबदल्यात अडकवून ठेवणं तुम्हाला परवडणारं नाही.

आता चार वाटा मांडतो. पेन्शन वजा जाता तुम्हाला वर्षाला सुमारे ५ लाख लागतात. काहीच केलं नाही, म्हणजे बदलापूरही ठेवलं आणि घरही बांधलं नाही, तर ७६ लाखांतून भाडं वजा जाता दरसाल सुमारे ५.२ टक्के काढावे लागतील. बदलापूर विकून, कर भरून, सगळे पैसे गुंतवले आणि राजापूर विसरलात तर ४.१. २४ लाखांचं घर बांधलंत तर दलाली वगैरे जाऊन गंगाजळी ९९ लाख उरते. गावच्या घराची देखभाल वर्षाला ४५ हजार धरली तर साडेपाच टक्के. आणि घर १८ लाखांत बसवलंत तर पुन्हा ५.२ च्या जवळपास. म्हणजे १८ लाखांचं घर बांधून तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहता. तुम्ही ५६ वर्षांच्या आहात, पैसा तीस वर्षं पुरवायचाय. ५.२ लाही मी खुशीने मान डोलावत नाही, ओढाताणीचंच आहे ते. पण डोंबिवलीचं घर मागे आहे, पुढे कायमचं गावी गेलात तर ते भाड्याने देता येईल, म्हणून १८ पर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. त्याच्या वर नाही.

१८ मध्ये काय होईल? याच दराने ६०० चौरस फूट म्हणजे १६ लाख. उरलेले दोन लाख कुठल्याच अंदाजपत्रकात नसतात ते: जागेच्या वाटणीचा खर्च (त्याबद्दल पुढे), कुंपण, गावच्या फेऱ्या, आणि पहिल्या पावसानंतरची डागडुजी. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ऐसपैस पडवी. कोकणात माणूस राहतो पडवीतच.

पावसानंतरच्या डागडुजीबद्दल. एका अशिलाचं मातीचं घर जुलैत पाहायला गेलो होतो. फोटोत फार देखणं. प्रत्यक्षात पश्चिमेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी, पागोळ्यांचं पाणी उडून, जमिनीपासून दोन वीत उंचीपर्यंत गिलावा सोलला होता आणि आतल्या पेंढ्याच्या काड्या कुंचल्यासारख्या बाहेर आल्या होत्या. छप्पर भिंतीच्या बाहेर दीडच फूट काढलेलं. ऑगस्टात त्यांनी चारही बाजूंनी पत्र्याची पाखं लावली, सत्तर हजार गेले, आणि घर आता गोदामासारखं दिसतं. सेवाग्रामची बापूकुटी मातीची आहे आणि अजून उभी आहे, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. पण तिची सतत निगा राखणारी माणसं तिथे आहेत, आणि राजापुरात वर्ध्याच्या तिप्पट तरी पाऊस पडतो. तुमचं घर सहा महिने बंद. बंद घरात एक कौल वानराने सरकवलं की आतली भिंत किती भिजली ते दिवाळीला कळतं. तोवर वाळवीने वाशाची चव घेतलेली असते.

म्हणून माझं मत, आर्किटेक्टला न आवडलं तरी: सिमेंट नको असेल तर तुमच्या गावात जांभा दगड आहे. केरळात कमी खर्चाची घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर गांधीजींचं म्हणणं सांगत असत, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. पाच मैलांत तुमच्याकडे चिरेखाण आहे. चिरा लावणारा गवंडी गावात आहे. तुडवलेल्या मातीची भिंत घालणारा पुण्याहून आणावा लागेल, त्याच्या राहण्याजेवणासकट. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या, आतल्या आडभिंती आणि गिलावा मातीचा, जमीन शेणाने सारवलेली, आणि छप्पर चारही बाजूंनी किमान तीन फूट बाहेर. पडक्या घराचे चिरे मोजून घ्या. जोतं शाबूत असेल तर ४ लाखांतला बराच भाग तिथेच वाचेल. फणसाचे किंवा सागाचे जुने वासे ठोकून पाहा. खणखणीत वाजले तर सुताराला दाखवा. आर्किटेक्टकडून भूकंपासाठी लिंटलच्या पातळीवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेला, लाकडी किंवा काँक्रीटचा सलग पट्टा मागा. माती-दगडाच्या इमारतींचं खरं दुखणं तिथे असतं. १९९३ ला किल्लारीत जड माळवदं आणि मातीत रचलेले गोटे यांनी माणसं मारली, हे नैसर्गिक बांधकामाच्या उत्साहात विसरायला नको. त्या पट्ट्यापुरतं सिमेंट वापरलं तर धर्म बुडत नाही.

आता कर, कारण तुमच्या पत्रात घाई त्याचीच दिसते. "फ्लॅट विकून घर बांधलं तर टॅक्स वाचतो" हे बरोबर आहे, पण किती? २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर तुम्हाला दोन पद्धतींतली स्वस्त निवडता येते. साध्या नफ्यावर, म्हणजे ३१ लाखांवर, १२.५ टक्के आणि सेस धरून चार लाखांच्या वर जातात. महागाई निर्देशांक लावून (२०११-१२ चा १८४, २०२५-२६ चा ३७६) नफा सव्वातेरा लाखांवर येतो आणि २० टक्क्यांनी कर पावणेतीन लाखांच्या आसपास बसतो. म्हणजे सगळी धडपड जास्तीत जास्त पावणेतीन लाखांसाठी आहे. ते वाचले तर उत्तम. पण पावणेतीन लाख वाचवायला २४ लाखांचं काम घाईत उरकू नका.

सवलतीची अट अशी की विक्रीच्या तारखेपासून ३ वर्षांत घर बांधून पूर्ण व्हायला हवं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जे पैसे खर्च झाले नसतील ते बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात ठेवायचे. मुंबईत ३ वर्षं म्हणजे पुष्कळ. राजापुरात ३ वर्षं म्हणजे तीन मोसम, कारण दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर सगळं आवरावं लागतं. एका मोसमात पाया, दुसऱ्यात भिंती आणि छप्पर, तिसऱ्यात आतलं काम. एक मोसम हुकला की हिशोब कोलमडला. आणखी एक गंमत बघा: आपल्याच जागेतली माती फुकट मिळते, पण फुकटच्या मातीची पावती नसते. मजुरी रोख दिलीत, तर उद्या १८ लाख खर्च झाले हे दाखवणार कशावरून? पहिल्या दिवसापासून मजुरांची वही ठेवा, नाव, दिवस, रक्कम आणि सही. शक्य तिथे पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. काम संपल्यावर आर्किटेक्टचा दाखला घ्या आणि ग्रामपंचायतीत घराची नोंद करून नमुना ८ चा उतारा काढा. अंगमेहनतीला येणाऱ्या हौशी पाहुण्यांचा उल्लेख तुम्ही केलाय, कार्यशाळा घेऊन खर्च सुटेल म्हणून. वीस जणांना दोन वेळचं जेवण कोण रांधणार, ते पत्रात नाही. ते उत्पन्न मी शून्य धरलंय.

फ्लॅट तुमच्या नावावर आणि जागा सासरची, हीसुद्धा अडचणच. नवं घर विकणाऱ्याच्या नावावर नसलं तर सवलत द्यायची की नाही, यावर निकाल दोन्हीकडचे आहेत. आपण भांडत कशाला बसायचं? जागेत तुमचंही नाव लागेल असं सीएकडून बघून घ्या.

मात्र नाव लावायला जागा आधी वेगळी हवी. पत्राच्या शेवटी, कंसात, तुम्ही लिहिलंय: "सातबारा सामाईक आहे, ११ नावं, पण कोणाची हरकत नाही." ताई, माझ्या मते तुमच्या साऱ्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ हीच. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. घर पडकं असतं तोवर कोणाचीच हरकत नसते. नवी कौलं चढली की मुंबईच्या पुतण्यांना आजोबा आठवतात. सामाईक जागेवर घातलेले १८ लाख हे ११ जणांच्या जागेवर घातलेले असतात. घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक नाही, आणि कर्जासाठी बँक दारात उभी करणार नाही. कर्जाचं एक बरंच आहे म्हणा, साठीनंतर हप्ता नकोच.

तेव्हा क्रम उलटा करा. पहिलं वर्ष वाटणीचं: सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र; ज्यांना जागा नकोच आहे त्यांचं हक्कसोडपत्र. जागा शेतीची आहे की घरठाणाची, बिनशेती लागेल का, ते त्याच फेरीत तलाठ्याकडे बघा. पडक्या घराची ग्रामपंचायतीत सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावाने जुनी नोंद असेल तर तो उतारा जपून ठेवा. तुमचं नाव लागलेला वेगळा सातबारा हातात आला की मगच बदलापूरचा सौदा, शक्यतो पावसाळा संपताना, म्हणजे तीन पूर्ण मोसम मिळतील. तोवर ४८ चं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, दुसरं येईल.

मार्चमध्ये पैसे आले की ३० लाख यजमानांच्या नावाने सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये घाला; सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतील. सहा लाख दवाखान्यासाठी बाजूला, मुदत ठेवीत. बाकीच्याची मांडणी तुमचे फंडांचे तपशील आले की कळवतो. घर झालं की विमा घ्या. भारत गृह रक्षा ही ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. फॉर्मवर भिंती आणि छप्पर कशाचं ते खरं लिहा, भले हप्ता वाढो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडची उडालेली छपरं मी पाहिलीत.

या मेमध्ये गावी जाल तेव्हा दोन कामं. जोत्यापासून दहा पावलांवरची, वरचा वीतभर थर काढून खालची, मूठभर माती काचेच्या बाटलीत घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतील; त्याचा फोटो आर्किटेक्टला पाठवा. आणि गोरेगावच्या ज्या चुलत दिरांशी बोलणं बंद आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्यांच्याकडे यजमानांना एकट्याला पाठवा. कागद न घेता, आंब्याची पेटी घेऊन.