इग्वानाचा पाला फ्रीजमध्ये का कुजतो

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तुमच्या इग्वानासाठी, म्हणजे त्या पाला खाणाऱ्या मोठ्या सरड्यासाठी, आठवड्याचा पाला आणता आणि सोमवारी पिशवीत काळपट लगदा सापडतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यात हेच व्हायचं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचा फ्रीज ठीक आहे. बाजारात जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर दिवसभर पाणी मारतात, आणि आपण त्या तशाच पिशवीत कोंबून गाठ मारतो. तोडलेलं पानही श्वास घेतच असतं. त्याचं बाष्प प्लास्टिकला आतून लागतं, थेंब होतात आणि परत पानांवरच गळतात. पान सुकतं ते आतलं पाणी गेल्यामुळे आणि सडतं ते वरचं पाणी राहिल्यामुळे. आपल्याकडे जुलैत दोरीवरचा पंचा तीन दिवस वाळत नाही, तिथे जुडीची काय कथा!

घरी आल्या आल्या सुतळी सोडा, पिवळी आणि चिरडलेली पानं काढून टाका. चोर्ला घाटातून येणाऱ्या बेळगावच्या भाजीवर फवारणी असेल असं धरूनच मी चालते, त्यामुळे दोन-तीन पाण्यांत धुते. मग पाला उशीच्या जुन्या अभ्र्यात भरायचा, तोंड मुठीत घट्ट धरायचं आणि मागच्या अंगणात गरगर फिरवायचं. भिंतीवर पाण्याची आडवी रेघ उमटते. शेजारीण हसते, हसू दे. त्यानंतर तासभर पंख्याखाली पसरून, पान हाताला कोरडं लागलं की सुती पंच्यात सैल गुंडाळून डब्यात घालते आणि डबा फ्रीजच्या खालच्या खणात ठेवते. रोज झाकण उलटं करून बघते. आत थेंब असले तर झाकण पुसून पंचा बदलते. अशी मेथी माझ्याकडे पाच-सहा दिवस सहज राहते. त्याच खणात आंबा, पपई, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि पाला पिवळा पडतो.

मशिंगाचा, म्हणजे शेवग्याचा, पाला मात्र या हिशेबात बसत नाही. कापडात रात्रभर गुंडाळला की सकाळी झटकताच पानं गळून पडतात. स्वयंपाकाला ती सोय, साठवणीला कटकट. तो दोन दिवसांपुरताच आणा. आणि जास्वंद साठवूच नका. कुंपणाला असेल तर रोज फांदी तोडा, नसेल तर शेजारून आणून तांब्यात उभी ठेवा. पानं आणि फुलं दोन्ही चालतात, फक्त झाडावर औषध मारलेलं नाही ना, ते विचारून घ्या. पावसात आमचा इग्वाना बाबलो निम्मा जास्वंदीवरच असतो, त्यामुळे बाजाराची पिशवीही निम्मी झाली.

टिकतो म्हणून रोज पालक घालू नका. त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि इग्वानाला फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम लागतं. तांबडी भाजीही (लाल माठ) मधूनमधूनच. कच्चं अळू अजिबात नको. फ्रीझरचंही मला पटत नाही. गोठवून सोडलेल्या पाल्याचा चिखल होतो, शिवाय कायम गोठवलेल्यावरच ठेवलं तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. चार दिवस गावाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

एक चूक मी केली आहे, तुम्ही करू नका. वास येत नाही म्हणून कडेने बुळबुळीत झालेली मेथी निवडून बाबलोला घातली. तीन दिवस पातळ शी, खाणं बंद, आणि पावसात टोपलीतून डॉक्टरांकडे फेऱ्या. तेव्हापासून पान बोटांत चोळून बघते. चिकट लागलं की सरळ माडाच्या आळ्यात. आणि फ्रीजमधला थंडगार पाला लगेच पुढे ठेवू नका. इग्वानाच्या अंगाची ऊब बाहेरूनच येते, थंड खाल्लं तर पचन मंदावतं. अर्धा तास आधी बाहेर काढा.

जाता जाता, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तुमच्या इग्वानाची नोंद केली नसेल तर करून घ्या, २०२४ च्या नियमांनी ती सक्तीची आहे.

अभ्रा पांढराच घ्या. माझ्या पहिल्या लाल अभ्र्याने अख्खी जुडी गुलाबी केली होती आणि बाबलोने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.