धागा नव्हे, तंतू

विचारणा अशी : 'अलाइन्ड शॉर्ट ग्लास फायबर कॉम्पोझिट'ला, म्हणजे काचेचे आखूड, बारीक तुकडे एकाच दिशेने रेझिनमध्ये (त्यांना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बसवून केलेल्या पदार्थाला, 'संरेखित काचधाग्यांचं मिश्रण' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. आधीच नुसत्या प्लास्टिकच्या खुर्चीला लोक बिनदिक्कत 'फायबरची खुर्ची' म्हणतात, आणि तिच्यात फायबर औषधालाही नसतं. त्यात आता हा धागा! धागा कातलेला असतो, त्याला पीळ असतो. इथे काचेचे तुकडे, जाडी साधारण १० मायक्रोमीटर, लांबी अनेकदा मिलिमीटरभरही नाही. त्यांना कसला पीळ? ते तंतूच. 'मिश्रण'ही नको, 'संमिश्र' रूढ आहे.

'तंतू' आला संस्कृत 'तन्' धातूपासून, म्हणजे ताणणे, पसरणे. ताण, गवयाची तान, विणकराचा ताणा, वंश पुढे नेणारं संतान, सगळी एकाच घरची. 'तंत्र' म्हणजे मुळात माग. इंग्रजीतला 'टेन्साइल' लॅटिनमार्गे आलेला, पण तोही यांचाच लांबचा भाऊबंद. माझं तर म्हणणं आहे, की या पदार्थाचं सगळं गणित या धातूतच आहे. जो ताण घेतो तो तंतू. बाहेरचा भार आधी रेझिनवर येतो आणि तंतूच्या अंगाला घासत आत शिरतो. टोकांशी ताण जवळजवळ शून्य, मधे जास्तीत जास्त. काचेची ताकद २००० मेगापास्कल (दर क्षेत्रफळामागचा भार मोजायचं एकक) आणि रेझिनची पकड २० मेगापास्कल धरली, तर १० मायक्रोमीटरच्या तंतूला किमान अर्धा मिलिमीटर लांबी हवी. त्याहून आखूड असेल तर तो तुटायच्या आधीच उपसून येतो. पुरता ताणलाच जात नाही, मग तंतू कसला? त्याला मी कुसळ म्हणतो. (हाताला टोचलेलं ज्यांना आठवतं, त्यांना पटेल.)

परिभाषापंडितांचं 'संरेखित' मला मान्य नाही. त्यातून तंतू एका रेषेत टोकाला टोक लावून ठेवलेत असं वाटतं. असं ठेवलंत तर सगळी कमकुवत टोकं समोरासमोर येतील! खरे तंतू एकमेकांच्या बाजूने, मागेपुढे सरकलेले असतात. एकाचं टोक संपतं तिथला भार शेजारचा उचलतो. म्हणून 'एकदिश' म्हणा. दिशेला इथे मोल आहे : सगळे भाराच्या दिशेने असले तर तंतूंच्या ताठपणाचा पूर्ण लाभ, एका पातळीत कसेही पडले तर ३/८, तिन्ही मितींत विखुरले तर जेमतेम १/५. आडवं ओढलंत तर मात्र सगळी भिस्त रेझिनवर आणि त्याच्या पकडीवर.

तर, 'एकदिश आखूड काचतंतूंचं संमिश्र'. लांब वाटलं तर 'आखूड' गाळू नका, 'काच' गाळा.