आई-बाबा शाकाहारी आहेत, बाबा अधूनमधून दारू घेतात. मेक्सिकोतल्या वाहाका शहरात चार दिवस त्यांचे खाण्यापिण्याचे हाल होतील का? आणि काय काय बघावं?

हाल अजिबात होणार नाहीत. उलट शाकाहारी माणसांना घेऊन मेक्सिकोत कुठे जावं असं कुणी विचारलं, तर मी वाहाकाच सांगेन (नकाशावरचं स्पेलिंग बघून आपण ओक्साका वाचतो, तेच हे). इथलं रोजचं जेवण मका, काळा घेवडा, भोपळा आणि मिरच्यांचं. ताटात दिसणारं मांस टाळणं सोपं असतं. घोळ होतो तो न दिसणाऱ्या तीन गोष्टींमुळे: डुकराची चरबी, कोंबडीचा स्टॉक आणि किडे.

त्लायुदा हा इथला सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ. ताटाएवढी मोठी, जराशी कडक मक्याची पोळी, तिच्यावर घेवड्याचा लगदा, कोबी आणि केसियो नावाचं चीज. हे चीज लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळून विकतात, हवं तेवढं सोडवून घ्यायचं. पण या सगळ्याखाली पोळीला 'आसिएन्तो' फासलेलं असतं, म्हणजे डुकराच्या चरबीचा तळाचा गाळ. त्यामुळे नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'सिन कार्ने, सिन आसिएन्तो' असं म्हणायचं. न्याहारीच्या मेमेलांनाही (मक्याच्या छोट्या, जाडसर पोळ्या) हेच लागू. घेवडा शिजवताना 'मान्तेका' म्हणजे चरबी घातली आहे का, हे विचारा. तामाल म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, त्यात ती बहुधा असतेच, म्हणून तामाल आई-बाबांना देऊ नका. भोपळ्याची फुलं आणि चीज घातलेली केसादिया (दुमडलेली मक्याची पोळी) मात्र डोळे मिटून घ्या. चीजमधल्या रेनेटचंही (दूध साकळवायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) पथ्य असेल, तर ग्वाकामोले म्हणजे अवोकाडोची चटणी आणि भाज्यांवर भर द्यावा लागेल.

मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा इथला रस्सा, त्याचे सात प्रकार सांगतात. काळ्या मोलेत मिरच्या जवळजवळ कोळसा होईपर्यंत भाजतात, मग तीळ, मसाले, चॉकलेट असं बरंच काही वाटून त्याचा दाट रस्सा करतात. आपल्या जिभेला तो पहिल्या घासात गोड वाटतो, तिखट मागून येतं. पण हा रस्सा कोंबडीच्या स्टॉकमध्येच सैल करायची पद्धत आहे. मेन्यूवर शाकाहारी मोले असं स्वतंत्र लिहिलेलं असेल तिथेच घ्या.

किड्यांचं म्हणाल तर बेनितो हुआरेझ बाजारात लसूण-लिंबू लावून भाजलेल्या नाकतोड्यांचे लालभडक ढीग समोरच असतात. ते दिसतात, त्यामुळे धोका कमी. फक्त कधी कधी ते ग्वाकामोलेवर न विचारता भुरभुरलेले असतात, एवढं लक्षात ठेवा. पलीकडच्या '२० नोव्हेंबर' बाजारात धुराने भरलेला एक अख्खा बोळ मांस भाजणाऱ्यांचा आहे. वासाचा त्रास होत असेल तर दुसऱ्या दाराने आत जा.

पण त्या भागात जायचंच, कारण चॉकलेट. मिना रस्त्यावर गिरण्या आहेत. भाजलेला कोको, बदाम, दालचिनी आणि साखर तुम्ही सांगाल त्या प्रमाणात वरून टाकतात आणि खालून गरम, चकचकीत लगदा पडतो. पिताना दूध की पाणी, असं विचारतात. पाण्यातलं घ्या, कोको जास्त कळतो. सोबत अंड्याचा पाव येतो, आई-बाबा अंडं खात नसतील तर तो सोडा.

तेहाते हे पेय तर चुकवूच नका. मका, कोको, मामेय फळाची बी आणि एक सुगंधी फूल वाटून बायका मातीच्या मोठ्या भांड्यात तो गोळा हाताने मळत मळत वरून पाणी सोडतात. हळूहळू वर पांढरट फेस जमतो. तो फेस तुंब्यासारख्या रंगवलेल्या भांड्यात वाढतात. पोट नाजूक असेल तर पाणी बाटलीबंदच प्या आणि तेहाते चालत्या, गर्दीच्या ठिकाणी घ्या. ला सोलेदाद चर्चशेजारच्या चौकात 'नियेवे' म्हणजे बर्फाची आइस्क्रीमं मिळतात. तिथे जळक्या दुधाची आणि निवडुंगाच्या लाल फळाची अशी जोडी मागा. दूध मुद्दाम करपवलेलं असतं. आपल्याकडे असं दूध लागलं की घरात बोलणी बसतात, इथे त्याला रांग लागते.

बाबा अधूनमधून घेतात असं तुम्ही लिहिलंय, तर इथली दारू मेझकाल. घायपाताच्या कुळातल्या झाडाचे गड्डे जमिनीतल्या भट्टीत भाजून ती करतात, म्हणून धुरकट चव. घोट घोट घ्यायची, एका दमात नाही. सोबत संत्र्याच्या फोडीवर जे लाल मीठ येतं, त्यात वाळलेल्या अळ्या दळलेल्या असतात. ते बाजूला ठेवा. आणि बाटलीवर 'पेचुगा' लिहिलं असेल तर ती नकोच: ऊर्ध्वपातनाच्या वेळी भांड्यात कच्च्या कोंबडीचा तुकडा टांगतात. दारूतही कोंबडी, काय बोलणार!

आता बघायचं. माँते आल्बान पहिल्याच सकाळी, ऊन चढायच्या आत, सावली जवळजवळ नाही. सापोतेक लोकांनी इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास डोंगरमाथा सपाट करून ही राजधानी वसवायला घेतली. मधलं पटांगण सपाट आहे, त्यामुळे पायऱ्या न चढताही आईंना बरंच बघता येईल. १९३२ मध्ये इथल्या सातव्या थडग्यात सापडलेलं सोनं शहरात सान्तो दोमिंगो चर्चशेजारच्या संग्रहालयात आहे. दुपारी तेच करा. त्या दिवशी जेवण दोननंतर ठेवा, तिथलं मुख्य जेवण तेव्हाच असतं आणि खानावळींत थाळीसारखी 'कोमिदा कोरिदा' स्वस्तात मिळते.

तुले गावचं प्रचंड बुंध्याचं झाड, तेओतित्लान गावचे विणकर, मित्लाचे प्राचीन अवशेष आणि एर्वे एल आग्वाचे डोंगरातले झरे हे सगळं एकाच दिशेला आहे आणि टूरवाले ते एका दिवसात कोंबतात. टॅक्सी ठरवून एर्वे एल आग्वा गाळा, त्यात उतार-चढ बराच आहे. तो वेळ तेओतित्लानला द्या. तिथे निवडुंगावर वाढणारा कोचिनील किडा तळहातावर चिरडून दाखवतात. गर्द लाल रंग येतो, वर लिंबू पिळलं की बघता बघता केशरी होतो. वसाहतकाळात वाहाका शहर श्रीमंत झालं ते याच रंगाच्या व्यापारावर. मित्लाच्या भिंतींवरची दगडी जाळीदार नक्षी चुना न वापरता बसवलेली आहे, अर्धा तास पुरतो.

जुलैत गेलागेत्सा हा नाचगाण्यांचा उत्सव आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो. तेव्हा खोल्या महाग आणि गर्दी मरणाची, आई-बाबांसोबत मी टाळेन. तुमच्या सगळ्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही.