प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट

“बायबल वाचते, उपवास करते, तरी चारजणी जमल्या की जीभ सुटतेच.” महिला मंडळातल्या भगिनींकडून हे सतत ऐकते. अनेक भेटींचं सार इथे एकाच भगिनीच्या रूपाने मांडते आहे. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

त्यांनी घरगुती प्रार्थनासभेत एका सुनेचा विषय काढला होता. तो फिरत फिरत तिच्या माहेरी पोहोचला.

“ताई, मी प्रार्थनेचा विषय म्हणूनच सांगितलं हो.”

“नेमकं काय सांगितलंत?”

सून माहेरी गेली, का गेली असावी, सासू काय बोलली, नवरा किती पितो. सगळं आलं.

“यातलं देवाला कोणी कळवायची गरज होती?”

त्या गप्प झाल्या. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी ‘आता कुणाशी बोलायचंच नाही’ असं ठरवलं होतं. हा निश्चय टिकत नाही, आणि त्यांचाही टिकला नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (इफिस ४:२९, म्हणजे अध्याय ४, वचन २९) प्रेषित पौल नुसतं ‘वाईट बोलू नका’ म्हणून थांबत नाही. गरजेप्रमाणे उन्नती करणारं बोला, असंही सांगतो. पहिला अर्धा भाग धरून दुसरा सोडला की माणूस कोंडून घेतो आणि मग एकदम फुटतो.

म्हणून मी बोलण्याऐवजी त्याच्या आधीच्या क्षणाकडे वळले. “विषय काढलात त्याच्या जरा आधी काय झालं होतं?”

आठवायला वेळ लागला. “एकीनं विचारलं, तुमचा मुलगा हल्ली उपासनेला दिसत नाही?”

“तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“उत्तर…” त्यांचा आवाज अडकला. “उत्तर दिलंच नाही. त्या सुनेचं काढलं.”

आणि त्या रडू लागल्या. मुलाने मंडळी, म्हणजे चर्च, सोडल्याचं दुःख त्यांनी कुणापाशीही बोलून दाखवलं नव्हतं. अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच मुखावाटे निघतं, हे लूक ६:४५ मधलं वचन आपण स्वभावावर बोट ठेवायला वापरतो. माझ्या कामात ते मला नेहमी दुखण्याचा माग काढायला उपयोगी पडलं आहे. बडबडीखाली बहुधा न बोललेलं काहीतरी असतं. ते एका विश्वासू माणसापाशी बोललं गेलं की जिभेचा निम्मा जोर ओसरतो. या भगिनींनी पाळकांच्या (पास्टरांच्या) पत्नीपाशी मुलाचं सांगितलं, आणि पुढचं काम सोपं झालं.

सवय मात्र उरतेच. २ तीमथ्य २:१६ मध्ये पौल रिकाम्या, अमंगळ वटवटीपासून दूर राहायला सांगतो, कारण ती माणसाला अभक्तीत पुढे पुढे नेते. तिथे विषय हुमनाय आणि फिलेत यांच्या शिकवणीचा आहे: पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, होऊन गेलं, असं सांगून ते काहींचा विश्वास डळमळवत होते. पण वाढत जाण्याची रीत घरगुती चर्चेतही तीच. त्यामुळे बाहेर पडायचं ते सुरुवातीलाच. ‘सांगू नये, पण…’ हे शब्द ओठांवर आले की तिथेच थांबावं. मध्यावर थांबणं फार अवघड जातं.

प्रार्थनेचा विषय देताना आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्या. मग फक्त गरज सांगा: “एका घरात समेट व्हावा.” नाव, कारण, अंदाज गाळा. दुसरी कुणी सुरू झाली तर “आत्ताच प्रार्थना करू या” म्हणा आणि खरंच डोळे मिटा. ‘प्रभूनं मला दाखवलं’ म्हणून आपलं मत पुढे रेटणं हेही देवाचं नाव हलकं करणंच आहे. तिथे ‘मला वाटतं’ म्हणावं.

झालेलं निस्तरताना, जिच्याबद्दल बोललो तिच्या कानावर ते गेलं असेल तर तिची सरळ क्षमा मागा. गेलं नसेल, तर मन हलकं करायला तिच्यापुढे ते ओतू नका. ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे जाऊन दुरुस्त करा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. मारहाण, छळ, मुलांवरचा अत्याचार यांबद्दल पाळकांना, पोलिसांना सांगणं ही वटवट नव्हे. वटवटीबद्दलचं वचन पुढे करून कुणी तुम्हाला गप्प बसवत असेल, तर त्याचं ऐकू नका.