कागद कोरा का सोडला?

प्रश्न : दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट आम्ही घरी पाहिला. यजमान म्हणतात, चित्रं अर्धवट आहेत, कडेला कागद कोराच सोडलाय, आणि सव्वादोन तास फार होतात. नणंद मात्र शेवटी हमसून रडली. मला चित्रं आवडली, पण का ते सांगता येईना. बरोबर कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चित्रं अर्धवट दिसतात, हे तुमच्या यजमानांनी अचूक टिपलंय. ती मुद्दाम तशी ठेवलेली आहेत. हाताने काढलेल्या चित्रपटात एरवी मुख्य चित्रकार पेन्सिलीने भराभर हालचाल मांडतो, मग दुसरी माणसं ती स्वच्छ, एकसारख्या रेषेत उतरवून घेतात. उमेदीच्या काळात लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) वाकून मी हेच काम करायचे. चांगल्या चित्रकाराचा कच्चा कागद हातात आला की त्यातला जोर जाणवायचा, आणि रेष साफ करता करता तो हमखास उणा व्हायचा. ताकाहातांना तो जोर पडद्यापर्यंत न्यायचा होता. हे काम सोपं नाही. संगणकावर रंग भरायला बंद आकार लागतो. रेष तुटक असली की रंग बाहेर सांडतो. शिवाय ओसामू तानाबे यांची पात्रं आणि काझुओ ओगा यांची जलरंगातली झाडं-घरं एकाच कागदावर, एकाच बैठकीत काढल्यासारखी दिसायला हवी होती. या चित्रपटावर आठ वर्षं काम चाललं. २०१३ मध्ये तो जपानमध्ये लागला, तेव्हा ताकाहाता ७८ वर्षांचे होते.

यजमानांना दोनच प्रसंग पुन्हा दाखवा. पहिला, बाळ बेडकांकडे बघत पालथं पडतं, रांगतं, पावलं टाकतं तो. त्यात रंग अगदी थोडा आहे, पण बाळाचं वजन आपल्या हाताला जाणवतं. दुसरा नामकरणाच्या मेजवानीतला. दारू प्यायलेले पाहुणे कागुयाची टिंगल करतात, पडद्याआडून ती ते ऐकते आणि दारं फोडून धावत सुटते. अंगावरची वस्त्रं एकेक करून मागे पडतात, रेष कोळशाने ओढल्यासारखी जाड, वेडीवाकडी होत जाते, चेहरा तर जवळजवळ पुसलाच जातो. हा संताप नितळ, घोटीव रेषेत मावला असता असं मला वाटत नाही. तुम्हाला चित्रं आवडली, त्याचं कारण बहुधा इथेच सापडेल.

लांबीबद्दल मात्र मी यजमानांच्या बाजूने आहे. कागुयाशी लग्न करू पाहणारे पाच उमेदवार बुद्धाचं भिक्षापात्र, रत्नांची फांदी, उंदराच्या कातड्याचं अग्निरोधक वस्त्र असलं काहीबाही शोधायला जातात, तो भाग मलाही रेंगाळलेला वाटतो. पण तो गाळता येत नाही. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची आणि त्याला बांबूत सापडलेल्या चंद्रावरच्या मुलीची ही जपानी कथा हजारेक वर्षांची आहे, आणि ते पाच जण नसतील तर ती कथाच राहत नाही.

प्रश्न : शेवटी चंद्रावरची मंडळी तिला न्यायला येतात, तेव्हा इतकं आनंदी संगीत का? मला ते फार खटकलं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खटकलं ते बरं झालं! मरणाऱ्याला न्यायला अमिताभ बुद्ध वाद्यं वाजवणाऱ्या परिवारासह ढगांवरून उतरतात, अशी चित्रं जपानमध्ये शतकानुशतकं काढली गेली. हा प्रसंग त्याच वळणाचा आहे. चंद्रावर दुःख नाही, आठवण नाही, त्यामुळे तिथल्या वाद्यांना आपल्या रडण्याचा पत्ताच नाही. संगीतकार जो हिसाइशी यांनी इथे करुण सूर लावला असता, तर ती माणसंही आपल्यासारखीच वाटली असती. ताटातूट एवढी क्रूर वाटते ती या ढोलकांमुळे, असं माझं ठाम मत आहे. चित्रपटातलं बालगीत मात्र खुद्द ताकाहातांच्या चालीवर आहे. शेवट पाहून झाल्यावर ते पुन्हा ऐका.

प्रश्न : सात वर्षांच्या नातवाला दाखवावा का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : जरूर. फक्त एका बैठकीत नको. कुटुंब गाव सोडून राजधानीत जातं तिथे थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी. शेवटाला त्याच्याजवळ बसा, तो प्रश्न विचारेल.