सीटच्या आधी कागद

अरे, प्रवेश मेरिटवर की कोट्यावर, हा वाद नंतर. बेळगावकडच्या खानापूरजवळच्या खेड्यातच पहिली ते दहावी झाली ना? मग कर्नाटक सीईटीत १५ टक्के ग्रामीण कोटा आहे. शाळेच्या दाखल्यावर बीईओंची (गट शिक्षणाधिकाऱ्यांची) सही हवी, खुल्या गटातला असशील तर क्रीमी लेअरमध्ये नसल्याचा दाखलाही. सुट्टी लागायच्या आत गाठ त्यांना! ५ टक्क्यांचा दुसरा कोटा कन्नड माध्यमवाल्यांचा, आपल्या मराठी शाळेला नाही. अमेरिकेत २०२३ ला सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देण्यावर बंदी आणली, ते व्हॉट्सॲपवर येईलच. तुझ्या अर्जाशी त्याचा संबंध नाही.

मेडिकलच्या हॉस्टेलात मलाही 'कोट्यातला' म्हणायचे. पासिंगचे गुण मात्र सगळ्यांना सारखेच. कन्नड आत्ताच शीक. वॉर्डात पहिली म्हातारी 'होट्टी नोवु' (पोट दुखतंय) म्हणाली, आणि मी तिचं डोकं तपासत होतो.