आठवण कोणी ठेवायची?

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. हुशार आहे, शिक्षकही तेच म्हणतात. पण प्रकल्पाची तारीख त्याला आदल्या रात्री आठवते आणि केलेला गृहपाठ दप्तरातच राहतो. मी दिवसभर मागे लागते, मग भांडण होतं. मागे लागले नाही तर काहीच होत नाही. याला स्वतःचं स्वतः करायला कसं शिकवू? – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. मुलाच्या सगळ्या तारखा तुम्हाला पाठ आहेत. मग त्याने त्या कशाला लक्षात ठेवाव्यात? आठवण ठेवण्याचं खातं तुमच्याकडे आहे आणि ते तुम्ही चोख सांभाळताय.

हुशारी वेगळी आणि कामाची आखणी वेगळी. आखणी करणं, कामाला हात घालणं, मनाला आवर घालणं यांत मेंदूच्या कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. ‘एवढा घोडा झालास तरी...’ हे आपण मुलाच्या उंचीकडे बघून म्हणतो. म्हणून ‘उद्यापासून तुझं तू बघ’ असं सांगून एकदम अंग काढून घेऊ नका. खातं हळूहळू त्याच्याकडे सोपवायचं आहे.

आठवड्यातली एक वेळ ठरवा, वीस मिनिटं पुरतात. वही त्याची, पेनही त्याच्याच हातात. तुम्ही फक्त विचारायचं : या आठवड्यात काय काय द्यायचंय? त्यातलं किचकट कुठलं? त्याला कधी बसणार? विचारलं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक प्रश्न विचारतात आणि पाच सेकंदांत उत्तरही स्वतःच देऊन टाकतात!

प्रकल्प असेल तर त्याला शेवटाकडून मागे यायला सांगा. द्यायचा दिवस, त्याआधी पक्की प्रत, त्याआधी कच्चं लिखाण, त्याआधी माहिती गोळा करणं. प्रत्येक कामापुढे किती वेळ लागेल याचा त्याचाच अंदाज लिहू द्या आणि नंतर शेजारी खरा लागलेला वेळ. अंदाज चुकणारच, मोठ्यांचेही चुकतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा, लागले सुमारे ५५. तेव्हा चुकलेल्या आकड्यावरून टोमणा नको. दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की पुढचा अंदाज तो स्वतःच वाढवतो.

दप्तरात राहणाऱ्या गृहपाठाचं कारण बरेचदा साधं असतं. मुलांच्या लेखी लिहून झालं की काम संपलं. नेऊन देणं हे त्यांनी कामात धरलेलंच नसतं. म्हणून वहीत ‘केलं’ या रकान्याऐवजी ‘दिलं’ असा रकाना करायला सांगा. बरोबरची खूण बाईंच्या किंवा सरांच्या हातात पडल्यावरच.

मधल्या दिवसांत आठवण करायची का, हेही त्यालाच विचारा. ‘बुधवारी एकदा कर’ म्हणाला तर बुधवारी एकदाच. आणि कधीतरी तो विसरेल. वार्षिक परीक्षेचा फॉर्म असेल तर जरूर मध्ये पडा, रोजचा गृहपाठ असेल तर तो घेऊन शाळेत धावू नका. संध्याकाळी ‘मी सांगत होते ना’ हेही नको. ‘पुढच्या वेळी काय वेगळं करशील?’ एवढंच विचारा.

हे विसरणं लहानपणापासून, घरी, शाळेत, खेळातही असंच चालत आलं असेल, तर मात्र तज्ज्ञांकडून एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि मनाला आवर घालणं मुळातच अवघड जातं त्या स्थितीची, तपासणी करून घ्या. तिथे वहीवर सगळा भार टाकणं मुलावर अन्याय होईल.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. अभ्यासाला बसते, पुस्तक उघडते आणि तासभर मोबाइलच बघत राहते. मूडच येत नाही. काय करू?

उत्तर : मूड बहुतेक वेळा काम सुरू झाल्यावर येतो, त्यामुळे त्याची वाट बघू नकोस. ‘रोज अभ्यास करीन’ असं ठरवणं फार सैल आहे. ‘शाळेतून येऊन हातपाय धुतले की टेबलाशी बसून गणिताचं पहिलं उदाहरण वहीत उतरवीन’ असं ठरव. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा ठरावांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा ते जास्त पाळले जातात. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. टेबलावर पालथा ठेवलेला फोन काही लांब नसतो. फ्रान्चेस्को चिरिलो यांच्या ‘पोमोडोरो’ नावाच्या, घड्याळ लावून काम करण्याच्या पद्धतीत २५ मिनिटं काम आणि मग छोटी सुट्टी असते. २५ जड वाटली तर दहा घे. झोपही बघ. तुझ्या वयाला रात्रीची ८ ते १० तास लागते.

विषय कुठला ते तू लिहिलं नाहीस. सगळ्याच विषयांना असं होतं की एकालाच? एकालाच असेल तर बहुधा तिथलं काहीतरी मागेच कळायचं राहून गेलंय. ‘मला काहीच येत नाही’ असं न म्हणता, नेमकी कुठल्या पायरीला गाडी अडते ते दाखवून शिक्षकांना विचार.